डिस्ने वर्ल्डची सहल: आधी एक्सेल, मग मजा

फ्लॉरिडात ओरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला सहकुटुंब जायचं तुमचं ठरलंय. अभिनंदन! आता एकच पथ्य पाळा: 'तिथे गेल्यावर बघू' या धोरणापासून ढळू नका. गेल्यावर बघू म्हणणाऱ्याला तिथे खरोखर बघायलाच मिळतं, बसायला मिळत नाही.

सुरुवात गैरसमजापासून करू, कारण या सहलीत फुकट मिळणारी ती शेवटची गोष्ट. 'एक मोठी बाग असेल, एका दिवसात होईल' असा समज असेल तर तो जपा. ती जागा साधारण ४० चौरस मैलांची आहे, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को शहराएवढी. आत चार स्वतंत्र पार्क आहेत: मॅजिक किंगडम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि अ‍ॅनिमल किंगडम (१९९८). दोन वॉटर पार्क वेगळेच. साध्या तिकिटावर दिवसाला एकच पार्क. जास्त हवी असतील तर 'पार्क हॉपर'चे जादा पैसे. ते जरूर भरा आणि चारही एका दिवसात उरका. एका पार्कमधून दुसऱ्यात जायला बसची वाट बघणं धरून पाऊण तास सहज जातो. दिवसाअखेर हिशेब असा: सुरक्षा तपासण्या चार, एपकॉटच्या गोलाच्या आणि मॅजिक किंगडमच्या किल्ल्याच्या समोरचे फोटो दोनशे, राइड एक. तीही बस धरली तर. मुखदर्शनाचं पुण्य मात्र पदरात पडतं.

तिकिटाचा दर तारखेप्रमाणे आणि पार्कप्रमाणे बदलतो. कमी गर्दीच्या दिवसांत ११९ डॉलरपासून सुरू होणारं एका दिवसाचं तिकीट नाताळात मॅजिक किंगडमसाठी २०० डॉलरच्या घरात जातं, वर साडेसहा टक्के कर. जितके जास्त दिवस घ्याल तितका रोजचा दर उतरतो, म्हणून एकेका दिवसाचं सुटं तिकीट घ्यायला विसरू नका. तीन वर्षांखालचं मूल फुकट, तीन ते नऊ म्हणजे 'मूल', पण सवलत इतकी बारीक की भिंगातून पाहावी, दहापासून प्रौढ. बाळाचा तिसरा वाढदिवस घरी साजरा करून मगच निघायची कल्पना फारच गोड. आदल्या दिवशी जे बाळ शून्य डॉलरचं होतं ते एका रात्रीत शंभरीपार होतं. छातीवर लावायला वाढदिवसाचा बिल्ला मात्र डिस्ने फुकट देतं.

आता खरा विषय: रांग.

१९७१ साली मॅजिक किंगडम उघडलं तेव्हा प्रवेश साडेतीन डॉलर होता आणि राइडसाठी कुपनांचं पुस्तक मिळे. 'ए'पासून 'ई'पर्यंतची कुपनं. 'ए' म्हणजे साधंसुधं, 'ई' म्हणजे ज्यासाठी आलात ते. १९८२मध्ये कुपनं गेली. १९९९मध्ये मोठी रांग टाळून आत सोडणारा फास्टपास आला, तो फुकट होता. २०२१मध्ये फुकट संपलं, आणि जुलै २०२४पासून 'लाइटनिंग लेन' या छोट्या रांगेचे विकतचे 'मल्टी पास' आणि 'सिंगल पास' आले. म्हणजे पन्नास वर्षांत कुपनांचं पुस्तक फिरून परत आलं, फक्त खिशातून फोनमध्ये गेलं आणि बॅटरी खाऊ लागलं. मल्टी पास माणशी दिवसाला १५ डॉलरपासून सुरू होतो आणि गर्दीच्या दिवशी दुपटीच्या वर जातो. सगळ्यात मागणी असलेल्या राइड त्यात नसतात; त्यांना प्रत्येकी सिंगल पास, आणि तो दिवसाला दोनच राइडचा. हे सगळं डोक्यावरून गेलं असेल तर 'प्रीमियर पास' आहे. त्यात वेळ ठरवावी लागत नाही. हवं तेव्हा जा, प्रत्येक राइडला एकदा. नाताळात मॅजिक किंगडममध्ये त्याचा दर माणशी ४०० डॉलरच्या वर असतो. तिकीट वेगळं, अर्थात.

मल्टी पासच्या बुकिंगची खिडकी उघडते सकाळी सात वाजता, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या सात दिवस आधी सगळ्या दिवसांचं बुकिंग करता येतं, बाहेर उतरणाऱ्यांना प्रत्येक दिवसाच्या तीन दिवस आधी. भारतात तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास पुढेमागे सरकतात. हा तास विसरायला उत्तम. साडेपाचची वेळ पकडून चहा घेऊन निवांत बसलेल्या माणसाला खिडकी उघडून तास झाल्याचं कळतं, तेव्हाचा त्याचा चेहरा कुठल्याही राइडच्या फोटोत येत नाही.

पूर्वतयारी टाळलीत तर ऐनवेळी अधिक रंगत येते. सगळ्यांची तिकिटं डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये एका खात्याला जोडून ठेवायची असतात. न जोडलेला माणूस यादीत दिसतच नाही. सात वाजून दहा सेकंदांनी 'अगं, आत्याचं नाव कुठाय?' हा प्रश्न पडायला हवा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करावे लागतात. ते बंदच असू द्या. कार्ड नाकारलं जाऊन बँकेच्या हेल्पलाइनवर 'मराठीसाठी दोन दाबा' ऐकेपर्यंत चांगल्या वेळा संपतात.

एवढ्यातूनही पोचलात, तर तीन राइड निवडता येतात. मॅजिक किंगडममध्ये त्यांचे दोन गट आहेत: बड्यांच्या गटातली एक, बाकीच्यांतल्या दोन. प्रत्येकीला एक तासाची वेळ मिळते. पहिली राइड वापरून झाली की पुढची एक घेता येते, ती झाली की आणखी एक, असं रात्रीपर्यंत. यातली खोच लक्षात आली का? पहिली राइड जितकी लवकर, तितक्या दिवसभरात जास्त. म्हणून तिन्ही राइड संध्याकाळी सातनंतरच्या घ्या. दिवसभर नवीन काही बुक करता येणार नाही, फोनमध्ये सतत डोकं घालावं लागणार नाही आणि कुटुंबाला एकमेकांशी बोलायला वेळ मिळेल. बोलणं कशावरून होईल ते आम्ही सांगायला नको.

सकाळी उठायची घाई करू नका. डिस्नेच्या हॉटेलातल्या लोकांना पार्क उघडण्याआधी अर्धा तास आत सोडतात, आणि पहिल्या दीड तासात एरवी तासभर रांग असलेल्या दोन-तीन राइड सहज होतात. तुम्ही मात्र हॉटेलातल्या नाश्त्याचे पैसे वसूल करा. जेटलॅगमुळे पहाटे तीनला सगळे टक्क जागे होतील, साडेसातला गाढ झोपतील. निसर्गाला विरोध करू नये.

घरातल्या एक्सेलवाल्याने शीटमध्ये '७:१५ पार्किंग, ७:२० गेट' असं लिहिलेलं असतं. असू द्या, लिहिणाऱ्याचा आनंद. मॅजिक किंगडमला तुमची गाडी गेटपर्यंत जातच नाही. तीस डॉलर भरून ती तलावाच्या अलीकडच्या वाहनतळावर लावायची, सुरक्षा तपासणी करायची, मग मोनोरेल नाहीतर फेरीबोटीने पलीकडे जायचं. गाडीतून उतरल्यापासून गेटपर्यंत पाऊण तास धरावा. बोटीत उभं राहिल्यावर मुलांना सांगायला एक चांगली माहिती: हा तलाव माणसांनी खोदलेला आहे. जमिनीखाली लगेच पाणी लागत असल्याने कर्मचाऱ्यांसाठीचे बोगदे खोदता येईनात. म्हणून ते जमिनीवरच बांधले, त्यावर या तलावाची माती टाकली आणि वर पार्क उभं केलं. म्हणजे मॅजिक किंगडममध्ये आपण उभे असतो तो खरं तर पहिला मजला. मुलं विचारतील, 'लिफ्ट कुठाय?'

उंचीचा प्रश्न घरी सोडवायचा नाही, हे तर अगदी पक्कं. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन या राइडला किमान ३८ इंच उंची लागते, म्हणजे साधारण ९७ सेंटीमीटर. स्पेस माउंटनला ४४ आणि ट्रॉनला ४८ इंच, म्हणजे १२२ सेंटीमीटर. घरी भिंतीला पेन्सिलची खूण करून पाच मिनिटांत हे कळतं. तसं करू नका. सहा महिने मुलाला ट्रॉनचे व्हिडिओ दाखवा आणि तिथे गेटवर उभं करा. मग पाहा: कर्मचारी मोजपट्टीची काठी पुढे करते. पोरगं टाचा उचलतं. ती हसून सांगते, टाचा खाली. आई केसांचा झुबका वर करते. पट्टी केस दाबून डोक्याला टेकते. बाबा वाकून बघतात आणि इंग्रजीत म्हणतात की हे जवळजवळ अठ्ठेचाळीसच आहे. ती अजूनही हसतेय. ते हसू पाव इंचसुद्धा हलत नाही. जाड तळव्याच्या बुटांनी थोडाफार फरक पडतो, पण तुम्ही नेमके चपलांवर आलेले असता.

मूल लहान असेल तर 'रायडर स्विच' मागता येतो: एक पालक मुलापाशी थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग थांबलेला पुन्हा सगळी रांग न लावता लाइटनिंग लेनमधून जातो. त्यासाठी राइडच्या तोंडाशी उभ्या कर्मचाऱ्याला एकदा विचारावं लागतं. विचारणं म्हणजे कमीपणा. दोघांनी आळीपाळीने तासतास उभं राहणं यातच संसार आहे.

आजी-आजोबांना पिशव्या राखायला फुटपाथच्या कडेला बसवा, भर उन्हात. 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' हे शब्द त्यांच्या कानावर पडू देऊ नका. १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात सुरू झालेला हा प्रयोग. मधल्या रंगमंचाभोवती अख्खं प्रेक्षागृहच फिरतं, वीस मिनिटं गार हवेत गुबगुबीत खुर्ची मिळते आणि रांग बहुधा नसतेच. एकदा तिथे आजोबांचा डोळा लागला की ते पुढे कुठे येणार नाहीत. सगळ्यांत शहाणा माणूस तोच ठरेल, आणि ते बाकीच्यांना परवडणारं नाही.

जेवणाचं थोडक्यात. बाहेरचे खाद्यपदार्थ आत चालतात, काचेची बाटली आणि दारू तेवढी चालत नाही. पण 'नेऊ देत नाहीत गं' असं कुणीतरी म्हणेल, त्याचं ऐका. काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं तर पेलाभर फुकट देतात, तरी बाटलीच विकत घ्या. नामांकित रेस्टॉरंटची टेबलं साठ दिवस आधी सुटतात. पाच जागी बुकिंग करा आणि विसरून जा: न आल्याबद्दल माणशी दहा डॉलर कापून घेतले जातात. आठ माणसांचं कुटुंब न जेवता ऐंशी डॉलरचं जेवू शकतं. चौथ्या दिवशी बर्गरला विटून सगळे गप्प झाले, की अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या 'सना'मध्ये जा. तिथे नान आणि चटण्या मिळतात, आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. पृथ्वीला अर्धा वळसा घालून नान खाताना जिराफाकडे पाहावं, म्हणजे मन शांत राहतं.

जून ते सप्टेंबर दुपारी आभाळ भरून येतं आणि विजा कडाडतात. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड थांबवतात, माइन ट्रेनसुद्धा. पाऊस तासाभरात ओसरतो, पण तोवर निम्मं पार्क हॉटेलकडे पळालेलं असतं आणि रांगा सैल होतात. पिशवीत रेनकोट आणि सुके मोजे असणाऱ्यांची ही खरी दिवाळी. तुम्ही मात्र रेनकोट आतल्या दुकानातच घ्या. सहलीसाठी आणलेले कोरे बूट पहिल्याच दिवशी घाला. पंधरा-वीस हजार पावलं आणि ओले मोजे एवढ्यावर टाचेला द्राक्षाएवढा फोड येतो. जीन्स घातलीत तर ती रात्रीपर्यंत वाळत नाही, याची हमी.

रात्री सिंड्रेलाच्या किल्ल्यावरची आतषबाजी. किल्ला १८९ फूट उंच आहे. दोनशे फूट झाला असता तर विमानांसाठी लाल दिवा लावावा लागला असता, आणि सिंड्रेलाच्या डोक्यावर लुकलुकणारा दिवा कुणालाच नको होता. चांगल्या जागेसाठी तासभर आधी उभं राहावं लागतं. राहा. पहिला बाण सुटला की पुढचे बाबा आपल्या मुलीला खांद्यावर घेतील, मग तुम्हीही तुमच्याला घ्या, म्हणजे मागच्यांची सोय होते. फोन वर धरून सगळी आतषबाजी चित्रित करा. तो व्हिडिओ पुढे कुणीही बघत नाही, पण जागा अडवतो.

मग हजारो माणसं एकाच वेळी मोनोरेलकडे. तलावापलीकडे पोचाल तेव्हा मूल कुणाच्या तरी खांद्यावर झोपलेलं असेल, फोन दोन टक्क्यांवर असेल आणि गाडी कुठे लावली ते कुणालाच आठवत नसेल. वाहनतळाचे 'नायक' आणि 'खलनायक' असे भाग आहेत, त्यांत पात्रांच्या नावांचे उपविभाग; सकाळी फोटो काढायचा तो काढला नाही. भाड्याची पांढरी एसयूव्ही, आजूबाजूला तशाच शेकडो. घाबरू नका, कर्मचाऱ्याला गाठा. तो फक्त एक विचारेल: किती वाजता आलात? गाड्या तिथे ओळीने लावल्या जातात, त्यामुळे कोणत्या वेळी कोणती रांग भरत होती, हे त्यांना माहीत असतं. एक्सेलवाला लगेच '७:१५' म्हणेल. त्याला गप्प करा आणि खरी वेळ सांगा: पावणेअकरा.