सायकलनंतरचे जड पाय मनाचे खेळ नाहीत

सायकलवरून उतरल्यावर पाय जड वाटतात ते केवळ मानसिक, हे ट्रायथलॉनवरच्या लेखातलं विधान पटलं नाही. ऑलिम्पिक अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये १.५ किमी पोहून, ४० किमी सायकल मारून मग १० किमी धावायचं असतं. तोवर स्नायूंतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) बरंच खर्ची पडलेलं असतं, श्वासाचे स्नायू दमलेले असतात आणि घामामुळे रक्तातलं पाणी घटलेलं असतं. म्हणूनच ताज्या पायांनी धावताना असतो त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात, ऑक्सिजनही सहसा जास्त लागतो. मुरलेल्या खेळाडूंत हा फरक कमी दिसतो, काहींत जवळपास नाहीच. पण ती वर्षानुवर्षांच्या सरावाची कमाई असते.

त्यात आपलं सोलापूर! एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडेही वळतं, हृदयावर दुहेरी ताण. होटगी रोडला सायकल मारून लगेच पळायला लागणाऱ्या पोरांनो, पहिला किलोमीटर मुद्दाम हळू जाऊ द्या. पाणी, मीठ, साखर सायकलवर असतानाच पोटात गेली पाहिजे. ताज्या पायांच्या, म्हणजे आधी सायकल न मारता धावून घेतलेल्या चाचणीवरून शर्यतीचा वेग ठरवा, हा लेखातला सल्ला मात्र लेखकांनी कृपया दुरुस्त करावा. नवखी पोरं तो जसाच्या तसा पाळतात.