शंभर पावसाळे काढले म्हणून घर सुरक्षित?

जुनं घर घ्यायचं म्हटलं की कुणीतरी हा मेसेज पाठवतंच: ‘शंभर पावसाळे काढलेल्या घराला पुराची भीती नाही. 2019 सारखा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो. ओल दिसली तर वॉटरप्रूफिंग करून रंग मारा, विषय संपला.’ सांगली-कोल्हापूरकडे घर बघणाऱ्याने तरी यावर विसंबू नये.

पावसाळे काढले हे खरं, पण कसे काढले? घर उभं राहिलं म्हणजे कोरडं राहिलं असं नाही. जुन्या लोकांनी जोतं उंच घेतलं, हे मान्य. त्यानंतर मात्र डांबराचे थर चढत रस्ता वर आला. जिथे दोन पायऱ्या चढून जायचे तिथे आता एक पायरी उतरावी लागते. अशा घरात पाणी शिरायला कृष्णेने पात्र सोडायची गरज नाही, वळवाची एक जोरदार सर पुरते.

‘शंभर वर्षांतून एकदा’ हा तर हिशेबाचाच घोळ आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. 2019 ला पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं आणि दोनच वर्षांनी, 2021 ला, पुन्हा 50 च्या वर. नदीला कॅलेंडर कळत नाही. पूररेषेच्या नकाशातली लाल रेषा म्हणजे कोणत्याही वर्षी शंभरात एक शक्यता, निळी म्हणजे पंचविसात एक. वीस वर्षांचं गृहकर्ज धरा. तेवढ्या काळात लाल रेषेवरच्या घरात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता सुमारे 18 टक्के, निळ्या रेषेवर 56 टक्के. शिवाय या रेषा नदीच्या पुराच्या. तुंबलेल्या नाल्याचं आणि गटारातून उलटं येणारं पाणी त्यांत धरलेलं नसतं.

आता रंग. सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. जुन्या घरांच्या पायात बहुधा ओल अडवणारा थरच नसतो. जमिनीतलं पाणी विटांतून वर चढतं, साधारण कमरेपर्यंत, आणि येताना क्षार आणतं. भिंतीला लोणा लागतो, बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला येते. चुन्याची भिंत ही ओल हळूहळू बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक रंग चढवला की ओल आत कोंडते आणि गिलाव्याच्या वरच्या कडेशी फुटते. पहिल्या वर्षी भिंत झकास दिसते, म्हणून तर विकायच्या आधी रंगवतात!

म्हणून घर बघताना बैठकीतल्या सोफ्यावर बसू नका. कपाट सरकवायला सांगा. भिंतीला खाली तीन-चार फूटच नवा रंग किंवा टाइल्स असतील तर कारण विचारा. बोटाच्या पेराने ठोका, पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलाय. विजेचं मीटर आणि प्लगचे बोर्ड विनाकारण डोक्याच्या वर असतील तर बहुतेक ते एकदा बुडालेले आहेत. भिंत आतून पांढऱ्या मातीची आहे का, हेही बघा. अशी भिंत पाणी असताना नव्हे, बऱ्याचदा पाणी उतरल्यावर बसते.

मालकाला ‘पाणी येतं का’ विचारून उपयोग नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला ‘2019 ला पाणी कुठवर होतं’ विचारा. तो दुकानाच्या शटरवर बोट ठेवून दाखवेल. त्या खुणेपासून बघत असलेल्या घराच्या उंबऱ्यापर्यंतची उंची पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने काढून घ्या.

एवढं करून घर आवडलं तर जरूर घ्या, पण एकदा श्रावणात, चार दिवस पाऊस लागून राहिल्यावर बघून मगच इसार द्या. सिमेंटचा गिलावा खरवडून, भिंती वाळवून पुन्हा चुन्यात करायचा खर्च मिस्त्रीकडून लिहून घ्या आणि तो भावातून वजा करायला सांगा.