रूपकुंडातल्या सांगाड्यांना कोकणस्थ करू नका

नानामामाचा रविवारी सकाळीच चिपळूणहून फोन. घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती छपाईला जातेय आणि त्याला त्यात एक पान वाढवायचंय : 'रूपकुंडात चिरनिद्रा घेणारे आपले पूर्वज'. मजकूर व्हॉट्सॅपवरून आलेला. गेल्या महिन्यात तोच मला चार जणांनी पाठवला होता आणि चारही वेळा मी तो पुसून टाकला होता. पण मामा ७८ वर्षांचा आहे. दोन वर्षं गावोगाव फिरून, देवळांतल्या वह्या चाळून त्याने वंशावळ जुळवलीय. त्याच्या पुस्तकात ही थाप छापली जाणार असेल तर मला गप्प बसवत नाही.

मजकूर थोडक्यात असा. उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात, त्रिशूळ शिखराच्या पायथ्याशी रूपकुंड नावाचं तळं आहे आणि त्यात शेकडो माणसांची हाडं आहेत. डीएनए तपासणीत ती कोकणस्थ ब्राह्मणांची असल्याचं 'सिद्ध' झालंय. नवव्या शतकात यात्रेला निघालेला हा सगळा जथा एका रात्रीत गारपिटीत मेला. काही प्रतींत यात्रेकरूंच्या जागी जम्मूचा डोगरा सेनापती जोरावरसिंग याचे सैनिक येतात. सरकारने हे सगळं दडपलं. आणि शेवटी आवाहन : तिकडे ट्रेकला जाल तर एक तरी अस्थी घेऊन या, रामकुंडात विसर्जन करा, पितृऋण फेडा.

सर्वांत घातक हे शेवटचं आहे, म्हणून आधी तेच घेते. मी २०१६च्या सप्टेंबरात रूपकुंडला गेले होते. भगवाबासाहून पहाटे निघून वर पोचलो तेव्हा तळ्याच्या काठी एका सपाट दगडावर कवट्या ओळीने मांडून ठेवलेल्या होत्या. निसर्गाने नव्हे, आमच्याआधी आलेल्यांनी, फोटोसाठी. एका जबड्यात दोन दाढा अजून होत्या, झिजून सपाट झालेल्या. आमच्यातल्या एका मुलाने बोटाएवढं हाड उचलून सॅकच्या कप्प्यात टाकलं. वाण गावचा आमचा गाइड काही न बोलता त्याच्यासमोर उभा राहिला आणि हाड परत ठेवेपर्यंत हलला नाही. मग एवढंच म्हणाला, "यह नंदा देवी की जगह है, यहाँ से कुछ नहीं जाता."

अशी किती हाडं आजवर खाली गेली असतील! दरडी आणि माणसं, दोघांनी मिळून तिथे एकही सांगाडा धड ठेवलेला नाही. कुठली कवटी कुठल्या मांडीच्या हाडाची, कोण कोणाशेजारी पडला होता, हे आता कळायला मार्ग नाही. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांत मुक्कामाला बंदी घातली, ती त्या कुरणांची नासाडी थांबवायला. पण त्यामुळे तिथली वर्दळही आटली. अशा वेळी 'एक अस्थी घेऊन या' म्हणून पुण्याच्या नावाखाली लोकांना चिथावणं म्हणजे उरलासुरला पुरावाही पळवायला सांगणं आहे.

आता डीएनए. इथे मला एक गोष्ट नाइलाजाने कबूल करावी लागेल : कोकणस्थांचं नाव या मजकुरात कोणी हवेतून आणलेलं नाही. रूपकुंडला गेलेल्या २००४च्या संशोधन मोहिमेनंतर हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत काही नमुन्यांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासला गेला, त्यातल्या मोजक्यांत महाराष्ट्रातल्या कोकणस्थांशी साम्य दिसलं आणि तशा बातम्याही छापून आल्या. पण साम्य दिसणं वेगळं आणि ओळख पटणं वेगळं. मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो. दहा पिढ्या मागे गेलं तर प्रत्येकाला १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात; ही तपासणी त्यातल्या एकीबद्दल बोलते, आईच्या आईच्या आईबद्दल.

मामा, तुझ्या कुलवृत्तांतात नेमकी हीच बाई नाही. तुझी वंशावळ बापाकडून मुलाकडे जाते. मुलीच्या नावापुढे रेघ थांबते, सून दुसऱ्या गोत्रातून येते आणि तिच्याबरोबर हा डीएनएही दुसऱ्या घरातून येतो. म्हणजे दर पिढीला तुझ्या कुळात तो बदलतो. माझ्यात आजीचा आहे, तुझ्यातही आजीचाच आहे, पण तुझ्या मुलांत मामीचा. जो धागा तुझ्या पुस्तकात पिढ्यान्‌पिढ्या नोंदवलेलाच नाही, त्याच्या आधारावर रूपकुंडातला माणूस तुझ्या वंशवृक्षाच्या कुठल्या फांदीवर बसवणार? आणि 'कोकणस्थ' हे नाव घेऊन जो समाज आज उभा आहे, तो लिखित इतिहासात ठळकपणे दिसायला लागतो बाळाजी विश्वनाथ १७१३ साली पेशवे झाले त्या सुमाराला. ते लेबल नवव्या शतकातल्या माणसाच्या कपाळावर चिकटवायचं?

शिवाय ही तपासणी जुनी झाली. त्याच सीसीएमबीचे के. थंगराज, लखनौचे नीरज राय, हार्वर्डचे डेव्हिड राइश, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी अशा अनेकांनी मिळून केलेलं संशोधन ऑगस्ट २०१९मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलं. त्यात ३८ जणांचा जनुकसंच तपासलाय, फक्त आईकडचा धागा नव्हे. त्यातले २३ जण आजच्या भारतीय उपखंडातल्या लोकांसारखे. तेही एका जातीचे किंवा एका प्रांतातले नाहीत, वेगवेगळ्या समाजांतले. १४ जण पूर्व भूमध्य समुद्राकडचे, आजच्या क्रीट बेटावरच्या लोकांच्या सर्वांत जवळचे. आणि एक जण आग्नेय आशियाशी नातं सांगणारा. ३८ जणांत २३ पुरुष, १५ बायका. जवळचं रक्ताचं नातं कोणाचंच कोणाशी नाही. म्हणजे एक जात नाही, एक गाव नाही, एक कुटुंबसुद्धा नाही.

'एका रात्रीत सगळे मेले' हेही इथेच संपतं. उपखंडातल्या २३ जणांची हाडं सातव्या ते दहाव्या शतकातली, आणि तीही सगळी एकाच प्रसंगातली नसावीत असं कालमापन सांगतं. भूमध्य समुद्राकडचे १४ आणि तो एकटा माणूस १८००च्या आसपासचे. मधे हजार वर्षं! क्रीटसारख्या मुलखातली बायका-माणसं १६ हजार फुटांवर कशाला आली, हे कोडं संशोधकांनीच उघडं ठेवलंय.

गारपिटीची गोष्ट मात्र मी खोडून काढत नाही. डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी अभ्यासलेल्या कवट्यांपैकी काहींवर वरून गोल, जड वस्तू आदळल्याच्या खुणा होत्या, आणि त्या जखमा भरून आलेल्या नव्हत्या. तिकडच्या लोकगीतांत कनौजचा राजा जसधवल नर्तकी घेऊन यात्रेला येतो, देवी कोपते आणि लोखंडासारख्या गारा पडतात. दर बारा वर्षांनी निघणारी नंदादेवी राजजात ही देवीची यात्रा याच वाटेने जाते. तेव्हा त्या २३ जणांपैकी काही यात्रेकरू होते आणि गारांनी मेले, हे अगदी शक्य आहे. काही जण. सगळे नव्हेत.

जोरावरसिंगावर फार शब्द खर्चायला नकोत. तो डिसेंबर १८४१मध्ये पश्चिम तिबेटात तकलाकोटजवळ लढताना पडला. त्याच्या डोगरा फौजेतले म्हणावेत असे रूपकुंडातले लोक त्याच्या नऊशे-हजार वर्षं आधीच मेलेले होते. आणि दडपल्याचं म्हणाल, तर २०१९चा तो लेख कोणालाही फुकट वाचता येतो. मी मामाला त्याची प्रत काढून पाठवलीय.

काल रात्री त्याचा पुन्हा फोन आला. पान काढतो म्हणाला, पण आवाज पडलेला होता. "मग त्यांचं कोण गं करणार?" असं विचारलं त्याने. सर्वपित्रीला त्या सगळ्यांसाठी तर्पण करायचं त्याने मनाशी ठरवलं होतं. मी म्हटलं, मामा, कर की. तू दरवर्षी तर्पणात म्हणतोस त्यातच आहे ना, 'येऽबान्धवा बान्धवा वा'. जे आपले कोणी नव्हते, त्यांनाही पाणी. त्यासाठी त्यांचं गोत्र लागत नाही, आडनावही लागत नाही. क्रीटच्या बाईलाही तेवढीच ओंजळ पोचते. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्या एकट्याचं काय म्हणालीस, तो कुठला?" मी सांगितलं, आग्नेय आशियाकडचा. "बरं," म्हणाला, "त्याच्यासाठी वेगळं सोडतो."