आतल्या माणसाला उकडत असेल

शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमारास टीव्हीचा रिमोट माझ्या हाती येतो. यात माझे कर्तृत्व काही नाही. त्या वेळी सौभाग्यवती ओटा आवरत असतात, चिरंजीव मोबाइलमध्ये डोके खुपसून बसलेले असतात आणि आईच्या हातात जपमाळ असते. या फटीचा लाभ घेऊन मी अमेरिकेत १९५० च्या दशकात चार पैशांत काढलेले वैज्ञानिक भयपट पाहतो. त्यांत लपवण्यासारखे काहीही नसते, तरी खोलीत कोणी आले की मी घाईघाईने आवाज कमी करतो, आणि आवाज कमी झाला की सर्वांचे लक्ष हमखास पडद्याकडे वळते.

परवा ‘रोबॉट मॉन्स्टर’ लावला होता. १९५३ चा. पडद्यावर गुहेच्या तोंडाशी एक केसाळ गोरिला उभा होता आणि त्याच्या डोक्यावर पाणबुड्यांचे असते तसे हेल्मेट होते.

“हे काय आहे, बाबा?” चिरंजीवांनी विचारले.

“परग्रहवासी. त्याने आठ जण सोडून सगळी मानवजात संपवली आहे.”

“बुडबुड्यांनी?”

प्रश्न रास्त होता, कारण गोरिलाच्या शेजारी टेबलावर ठेवलेल्या यंत्रातून साबणाचे फुगे भसाभसा निघत होते. या यंत्राचा श्रेयनामावलीत मानाने उल्लेख आहे. माझा उल्लेख आमच्या कचेरीच्या निरोपसमारंभातही इतक्या ठळकपणे झाला नव्हता, पण ते असो.

चिरंजीव संगणकावर दृश्यपरिणाम करण्याच्या धंद्यात आहेत. एका राक्षसाच्या पाठीवरचे केस वाऱ्याने नीट हलावेत म्हणून ते मागे तीन आठवडे रात्री जागले होते. त्या चित्रपटाचे नाव आज त्यांनाही चटकन आठवत नाही. अशा तज्ज्ञापुढे हेल्मेटवाल्या गोरिलाची वकिली करणे सोपे नसते, तरी मी ती केली. दिग्दर्शक फिल टकर याला यंत्रमानव हवा होता, पण यंत्रमानवाचा पोशाख करून घेण्याइतके पैसे नव्हते. जॉर्ज बॅरोज नावाच्या नटाकडे स्वतःचा गोरिलाचा पोशाख होता, तेव्हा टकरने पोशाखासकट बॅरोजला बोलावले आणि वर हेल्मेट चढवले. लॉस एंजेलिसमधल्या ब्रॉन्सन कॅन्यनमध्ये चार दिवसांत चित्रीकरण उरकले, आणि सगळा खर्च १६,००० डॉलरच्या आसपास झाला असे सांगतात. (तीच गुहा पुढे १९६६ च्या मालिकेत बॅटमॅनची गुहा म्हणून मिरवली.) संगीत मात्र एल्मर बर्नस्टाइनचे. राजकीय मतांच्या संशयामुळे तेव्हा त्याला मोठी कामे मिळत नव्हती, आणि तीनच वर्षांनी त्याने ‘द टेन कमांडमेंट्स’ या भव्य चित्रपटाला संगीत दिले. गोरिला डोंगर चढताना धापा टाकतो आणि मागे वाद्यवृंद असा घुमतो, जणू खरोखरच प्रलय आला आहे. त्या माणसाने गोरिलाची एकदाही थट्टा केलेली नाही, आणि माझा जीव जडला आहे तो नेमका त्यावर.

एवढ्यात सौभाग्यवती हात पुसत बाहेर आल्या. त्यांना पटावे म्हणून मी दिग्दर्शक एड वुडच्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ची कथा काढली. त्यातला नट बेला लुगोसी १९५६ मध्ये वारला आणि वुडकडे त्याची जेमतेम काही मिनिटांची फिल्म उरली. उरलेल्या प्रसंगांत वुडने आपल्या बायकोच्या पाठीच्या दुखण्यावर उपचार करणाऱ्या माणसाला उभे केले. तो लुगोसीपेक्षा उंच होता आणि चेहऱ्यानेही वेगळा, म्हणून चित्रपटभर झगा नाकापर्यंत ओढून फिरला.

“त्यात काय नवल?” सौ. म्हणाल्या. “तुमच्या गणपतीतल्या नाटकात ऐनवेळी माझ्या भावाला दरोगा केलाच होतात की, अहो. मिशी उलटी लावली होतीत त्याला.”

मी विषय बदलला. ‘द जायंट क्लॉ’ या १९५७ च्या चित्रपटात अजस्र पक्ष्याला घाबरण्याचा अभिनय करणाऱ्या नटांना तो पक्षी चित्रीकरणात कोणी दाखवलाच नव्हता. नायक जेफ मॉरो याला तो थेट चित्रपटगृहात दिसला, तोही प्रेक्षक खो खो हसत असताना. पिसे विस्कटलेली, मान लांबलचक आणि डोळे बटबटीत. बिचारा मॉरो चित्रपट संपण्याआधीच गुपचूप निघून गेला.

चिरंजीवांनी प्रथमच मोबाइल खाली ठेवला. “आमच्याकडे अजूनही तसंच आहे,” ते म्हणाले. “नट हिरव्या कापडाकडे बघून किंचाळतात आणि राक्षस आम्ही सहा महिन्यांनी करतो.” मग ते सरकून माझ्याजवळ बसले, अर्थात हसण्यासाठीच.

आई इतका वेळ गप्प होती. तिचे माहेर सिंधुदुर्गातले. जत्रेत रात्रभर चालणारे दशावतार पाहत ती वाढली, जिथे एक लाकडी बाकडे सिंहासनही होते आणि पर्वतही, आणि काळ्या अंगरख्यातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर आला की पोरे आईच्या पदरात शिरत. संकासुर म्हणजे गावातलाच ओळखीचा माणूस, हे त्या पोरांना पक्के ठाऊक असे. तरी ती शिरत. जपमाळ थांबवून ती बराच वेळ त्या गोरिलाकडे पाहत राहिली.

“तेका आत उकडत असतला रे,” ती म्हणाली.

इतक्या वर्षांत त्या चित्रपटाविषयी इतके नेमके मी कुठे ऐकले नव्हते. उन्हात केसाळ पोशाख घालून डोंगर चढणारा माणूस तिला पहिल्या दहा मिनिटांत दिसला होता. मग आम्ही चौघेही शेवटपर्यंत बसलो. शेवटी हे सारे एका मुलाचे स्वप्न होते असे कळते, सगळे हुश्श करतात, आणि तेवढ्यात गुहेतून गोरिला हात पसरून पुन्हा बाहेर येतो. तेच दृश्य लागोपाठ तीनदा दाखवले आहे. चिरंजीव पहिल्या वेळी हसले, सौ. दुसऱ्या वेळी.

तिसऱ्यांदा तो बाहेर आला तेव्हा आई म्हणाली, “तेका कोण पाणी तरी दिता की नाय?”