चाइल्ड रेकॉर्ड फाउंड

सॉफ्टवेअरवाल्याला फोन करणारा माणूस नमस्कार-चमत्कार करत नाही, थेट "सर, लाल आलंय" म्हणतो. एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो, मागे ओरॅकलचा डेटाबेस आहे, आणि काउंटरवरच्या मॅडम स्क्रीनवर येईल तो लाल एरर मेसेज फोनवर वाचून दाखवतात. ओरा शून्य शून्य शून्य शून्य एक, युनिक कन्स्ट्रेंट, कंसात एसवायएस अंडरस्कोर सी आणि पुढे आकडेच आकडे, व्हायोलेटेड. टेबल बनवताना कन्स्ट्रेंटला, म्हणजे डेटा तपासणाऱ्या नियमाला, नाव दिलं नाही की ओरॅकल स्वतःच असलं बारसं उरकून टाकतं, आणि ज्याने टेबल बनवलं तो पोरगा कधीच बंगलोरला गेला. मग मी तो आकडा शोधत बसतो आणि तिकडे सभासद पासबुकाने वारा घेत उभा.

बरं, डेटाबेसला सगळं माहीत असतं हो! पोस्टग्रेस नावाचा दुसरा डेटाबेस तर डुप्लिकेट नोंदीच्या २३५०५ कोडसोबत कुठला कॉलम, कुठली व्हॅल्यू हे पण सांगतो, पण डेटाबेस आणि स्क्रीनच्या मधला कोड ते गिळून टाकतो आणि वर "समथिंग वेंट राँग". मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर तर वर्षानुवर्षं ८१५२ या एरर नंबरखाली एवढंच म्हणायचा की डेटा कापला जाईल, कुठल्या कॉलमचा ते तुम्ही शोधा. २०१९ च्या व्हर्जनपासून कॉलम आणि व्हॅल्यू दाखवायला लागला, देव पावला म्हणायचं.

पण कहर केला ओरॅकलच्या ओरा-०२२९२ या एररने. एक आजोबा सभासदत्व रद्द करायला आलेले, आजी पण सोबत. मॅडमनी डिलीट दाबलं आणि सवयीने मोठ्याने वाचलं, "चाइल्ड रेकॉर्ड फाउंड". मग आजोबांकडे बघून, "तुम्हाला अजून कोणी मूलबाळ आहे का?" आजींनी आजोबांकडे जे बघितलं ते मला फोनवर सुद्धा ऐकू आलं. निघालं काय, तर चाइल्ड म्हणजे सभासदाच्या नोंदीला जोडलेली दुसरी नोंद, आजोबांच्या नावावर एक जुनी आरडी शिल्लक.

शेवटी बसलो आणि एकेका कन्स्ट्रेंटला नाव दिलं, नावासमोर मराठी वाक्य लिहिलं. "या सभासदाचं आरडी खातं चालू आहे, आधी ते बंद करा." "हा मोबाईल नंबर आधीच दुसऱ्या सभासदाच्या नावावर आहे." झकास!

लगेच फोन. "सर, दुसरा म्हणजे कोण? नाव पण दाखवा की." ते कसं दाखवणार, उद्या कोणीही नंबर टाकून कोणाचं खातं आहे ते बघेल. तर मॅडम म्हणाल्या, अहो इथे घरात मोबाईल एकच, पोराचा, आई-बाप-काका सगळे तोच नंबर देतात. म्हणजे मेसेज आता एकदम क्लिअर आहे, नियमच गंडलाय, आणि तो संचालक मंडळाने ठराव करून घातलाय, पुढची मीटिंग दिवाळीनंतर.