पोटखराबा

चौतीस वर्षे मी भूगोल शिकवला आणि प्रत्येक तासाच्या शेवटी "कुणाला काही शंका?" असे न चुकता विचारले, मात्र ते अशा स्वरात विचारले की ज्याला खरोखरच शंका असे, तो मुलगाही खाली मान घालून वहीत रेघोट्या ओढू लागे. माझ्या वर्गात शंका उरत नाहीत, असे मी शिक्षकांच्या खोलीत अभिमानाने सांगत असे. त्याची फेड परळी खोऱ्यातल्या बेचाळीस आर जमिनीच्या वारसनोंदीत झाली.

वडील गेल्यावर वारसनोंदीची खबर तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, एवढे मला ठाऊक होते. अर्ज घेऊन मी साताऱ्याहून गावी गेलो आणि कार्यालयाच्या दारात पाऊल टाकतो तोच टेबलामागचे साहेब उठले, रांगेतल्या दहा-बारा माणसांना बाजूला सारत पुढे आले आणि वाकून माझ्या पाया पडले. तिसऱ्या बाकावरचा माझा विद्यार्थी! "सरांना खुर्ची द्या रे," असे त्याने फर्मावले, आणि त्या खुर्चीत बसलो तेथेच मी फसलो.

"सर, सातबाऱ्यावर पोटखराबा तीन आर लागलेला आहे, तो तसाच राहील," तो म्हणाला. "फेरफार धरायला वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि आठ-अ आणा. बाकी तुम्हाला काय सांगायचे, तुम्हाला सगळे माहीतच असते."

हे शेवटचे वाक्य त्याने उच्चारले नसते तर कदाचित मी विचारलेही असते. ते ऐकल्यावर मात्र माझी मान हलू लागली. (न कळलेल्या माणसाची मान कळलेल्या माणसापेक्षा दुप्पट हलते, हे मी वर्गात पुष्कळदा पाहिले होते, स्वतःच्या मानेवर प्रथमच अनुभवले.) पोटखराबा या शब्दाशी माझी ओळख वैद्यकीय स्वरूपाची होती. तो जमिनीला कसा लागतो हे कळेना, पण दिवस पावसाळ्याचे होते, तेव्हा लागला असेल, अशी मी समजूत घातली.

"आठ-अ आणा" हे मला "आठ आणा" असे ऐकू आले. सरकारी काम म्हटल्यावर आठ प्रती तशा कमीच, असा विचार करून मी नोटरीचा शिक्का मारलेल्या प्रतिज्ञापत्राच्या आठ झेरॉक्स काढल्या, प्रत्येकीवर सही केली आणि पुढच्या सोमवारी तो गठ्ठा टेबलावर ठेवला. विद्यार्थ्याने तो शांतपणे चाळला. "प्रती भरपूर आहेत, सर. आठ-अ तेवढा राहिला," तो म्हणाला. एवढे झाल्यावर तरी कोणत्याही शहाण्या माणसाने विचारले असते. मी म्हणालो, "हो, तो घरीच विसरला."

जो कधी पाहिलाही नव्हता तो कागद घरी शोधणे अवघड होते. अखेर शेजारच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीने तो दोन मिनिटांत मोबाईलवर काढून दिला. खातेदाराच्या नावावर गावात एकूण किती जमीन आहे याचा तो उतारा निघाला. म्हणजे गाव नमुना आठ-अ. "काका, तुम्ही तिथेच का नाही विचारलं?" असे तिने म्हटले, तेव्हा मी पंखा वाढवला.

त्या रात्री वडिलांचा दासबोध काढला. वडील रोज एक समास वाचत आणि दोनशे समास संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करीत. दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात समर्थांनी मूर्खांची लक्षणे सांगितली आहेत, आणि त्या समासाच्या समासात मी तरुणपणी पेन्सिलीने सहकाऱ्यांची नावे लिहून ठेवली होती. मुख्याध्यापकांचे चार ठिकाणी होते. घरी ज्याला विवेक सुचतो, पण सभेत जो लाजतो आणि बोलताना गोंधळतो तोही मूर्ख, अशा अर्थाची एक ओवी आहे. तिच्यासमोरची जागा तेवढी कोरी होती. पढतमूर्खाचा समास त्याच दशकात दहावा आहे, तो मी उघडला नाही. त्याऐवजी ग्रंथाचे पहिले पान काढले, तर तेथे समर्थांच्या आधी श्रोतेच बोलत होते: हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे, तो ऐकून काय मिळते? सज्जनगडाच्या पायथ्याशी आयुष्य काढूनही ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

तिसऱ्या खेपेला आठ-अ घेऊन मी पुन्हा त्याच खुर्चीत बसलो होतो. रांगेत सर्वांत पुढे एक आजी होत्या. प्लास्टिकच्या पिशवीतला सातबारा त्यांनी टेबलावर पसरला आणि एका रकान्यावर बोट ठेवले.

"दादा, ह्यो पोटखराबा म्हंजी काय रं?"

"नांगर चालत नाही तेवढी जागा, आजी. ओढा, खडक, घळ. पीक येत नाही म्हणून तिच्यावर शेतसाराही नसतो."

"माझा किती?"

"बावीसातला अकरा आर."

आजींनी क्षणभर हिशेब केला. "म्हंजी दिरानं वाटणीत निम्मा वढाच दिला व्हय मला? आन् वर म्हंतोय, वैनी, तुला जादा दिलं! त्ये वाटणीचं कागद कुठं बगायला मिळत्याल?"

जो अर्थ मी तीन आठवडे पोटात धरून बसलो होतो तो अर्ध्या मिनिटात त्यांच्या हाती आला होता, आणि पुढचा प्रश्नही तयार होता. साहेबांनी कपाटातून जुना फेरफार काढायला सांगितला. तो येईपर्यंत आजी माझ्याकडे वळल्या.

"गुरुजी, तुमचा किती हाय?"

"तीन आर," मी म्हणालो. "म्हणजे साधारण तीन गुंठे."

"आन् त्यो हाय कुठं?"

टुंड्रा प्रदेशात नांगर का चालत नाही हे मी चौतीस वर्षे फळ्यावर आकृत्या काढून समजावले होते. आमच्या गटात तो कुठे चालत नाही, हे मला माहीत नव्हते. विद्यार्थी माझ्याकडे बघत होता, आणि हे सरांना माहीत असणारच याविषयी त्याच्या चेहऱ्यावर यत्किंचितही शंका नव्हती. मी पिशवी उचलली, खुर्ची भिंतीला लावली आणि रांगेत सर्वांत शेवटी जाऊन उभा राहिलो.