फोन कोणी उचलला?

आमचा कट्टा म्हणजे अमळनेरात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर बंद पडलेल्या रसवंतीचा ओटा. एप्रिल-मे महिन्यात अंधार पडेपर्यंत त्यावर बूड टेकवता येत नाही, इतका तापलेला असतो. शनिवारी दगाभाऊनं दोन बादल्या पाणी मारलं, जरा वेळ वाफ निघाली, मग आम्ही बसलो. अप्पा, संजू, दगाभाऊ, मी, आणि दगाभाऊचा पुतण्या निलेश. हा निलेश अकरा आवाज काढतो. आमदार, त्यांचा पीए, बँकेतली मॅडम, वरण-बट्टीत मीठ कमी पडलं म्हणून भांडणारी म्हातारी. त्या आवाजांवर त्याचं चॅनल चालतं.

"ऐका सर, नवीन आहे. अजून टाकला नाही," असं म्हणून त्यानं मोबाईल ओट्यावर ठेवला.

धुळ्याकडच्या कुठल्याशा दवाखान्याच्या काउंटरवर फोन लावलेला. हा आमदारांचा पीए. साहेबांच्या म्हशीला सकाळपासून उलट्या होताहेत, ॲम्ब्युलन्स पाठवा, आणि एसीवाली पाठवा. तिकडची बाई आधी म्हणाली, "सर, म्हैस म्हणालात का?" मग म्हणाली की आमच्याकडे जनावरांची सोय नाही, पण तुम्ही लाईनवर राहा, मी पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर शोधून देते. हा खवळल्याचं सोंग करतो, ओळखत नाही का, बदली करीन म्हणतो. ती म्हणते, "सर, चिडू नका, मी बघतेय ना." मागे कोणाचं तरी लहान पोर रडतंय. एक मिनिट चाळीस सेकंद.

आम्ही हसलो. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे आम्ही बरंच शहाणपण पाजळलं. म्हशीला एसी म्हटल्यावर दगाभाऊला ठसका लागला. अप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "शेवटी तिला सांगितलंस का, की तू कोण ते?"

"सांगणार होतो. तिनं दुसरा फोन वाजतोय म्हणून ठेवला."

"मग तिच्या लेखी तू अजून आमदाराचा पीएच आहेस."

अप्पांची नोकरी टेलिफोन खात्यात गेली. एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. समोर बोर्ड, गिऱ्हाईकानं रिसीव्हर उचलला की शटर पडायचं, दोरी खोचायची आणि म्हणायचं, नंबर प्लीज. ट्रंक कॉल साधा, अर्जंट की लाइटनिंग ते विचारायचं. रात्रपाळीला टवाळ पोरं नुसती शिव्या द्यायला फोन उचलत, तेही सांगतात. "शटर पडलं की घ्यावाच लागायचा. कोण आहे ते माहीत नाही, पण घ्यायचाच. फोन घेणाऱ्याला ना म्हणायची सोय नसते रे. तू त्याचाच फायदा घेतोस."

निलेश म्हणाला, "अप्पा, रेडिओवाले वर्षानुवर्षं हेच करताहेत. मिर्ची मुर्गा ऐकून मोठे झालो आम्ही. कोणाचं काय वाकडं झालं?"

यावर संजू सावरून बसला. संजू जळगावच्या एका पेपरचा वार्ताहर. कट्ट्यावर कोणी 'कोणाचं काय वाकडं झालं' असं म्हणायची वाटच बघत असतो.

2012 सालची गोष्ट. लंडनला किंग एडवर्ड सातवे यांच्या नावाचं हॉस्पिटल आहे, तिथे राजघराण्याची सून केट दाखल. गरोदरपणातल्या उलट्या फारच वाढलेल्या. 4 डिसेंबरला सिडनीच्या टूडे एफएमच्या दोन निवेदकांनी तिथे फोन लावला. एक राणी झाली, दुसरा प्रिन्स चार्ल्स. उच्चार इतके बोगस की आपण पकडलेच जाणार, असंच त्यांना वाटत होतं म्हणे. पण लंडनला तेव्हा पहाटेचे साडेपाच. स्विचबोर्डवर रिसेप्शनिस्ट नाही. रात्रपाळीच्या एका नर्सनं फोन उचलला आणि वॉर्डात जोडून दिला. वॉर्डातल्या दुसऱ्या नर्सनं पेशंटची तब्येत सांगितली. ते रेकॉर्डिंग वाजलं, जगभर गेलं, पेपरात छापून आलं. ज्या बाईनं फोन नुसता जोडून दिला होता, तिनं तीन दिवसांनी आपला जीव दिला. मूळची आपल्या मंगळूरकडची. नवरा, दोन मुलं. माती उडुपी जिल्ह्यात, गावाकडे झाली.

दगाभाऊच्या हातातले मुरमुरे तसेच राहिले. "नुसता जोडी दिन्हा? बाकी काहीच नही?"

"काहीच नाही. थांबा, देते, एवढंच."

अप्पा गप्प होते. दोरी खोचायचा बोटांचा चाळा मात्र चालू होता, तो मी पाहिला.

मी मास्तर माणूस, मला राहवलं नाही. म्हटलं, संजू, माणूस एका कारणानं जीव देत नाही. त्या फोनमुळेच गेली असं सरळ रेघ ओढून सांगणं बरं नव्हे. तिच्या घरात, तिच्या मनात काय होतं ते आपल्याला काय ठाऊक? निलेशनं लगेच मान हलवली. संजू म्हणाला, "मान्य. 2014 साली तिथे चौकशी झाली, आत्महत्याच ठरली, रेडिओ कंपनीवर खटला चालला नाही. कंपनीचं म्हणणं हेच होतं की असं काही होईल हे कोणाला कसं कळणार? पण सर, त्यांना हे कळत नव्हतं म्हणजे त्यांचा काही दोष नव्हता, असं कुठे होतं?"

कंपनीनं पाच लाख ऑस्ट्रेलियन डॉलर त्या कुटुंबाला दिले, तो कार्यक्रम बंद केला. आणि वर असंही सांगितलं की वाजवायच्या आधी आम्ही परवानगीसाठी हॉस्पिटलला पाच वेळा फोन केला होता. हॉस्पिटल म्हणालं, आमच्या कोणा वरिष्ठाशी तुमचं बोलणंच झालेलं नाही. पुढे तिथल्या सरकारी नियामकाशी कंपनीचं कोर्टात लागलं, ते 2015 साली ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टापर्यंत गेलं. तिकडे हायकोर्ट म्हणजे आपल्याकडचं सुप्रीम कोर्ट. कंपनी हरली.

माझ्या डोक्यात ते पाच फोन अडकून बसले. पाच वेळा विचारावंसं वाटलं म्हणजे विचारायला हवं हे माहीत होतं. सहाव्यांदा न विचारता वाजवलं. आणि समजा विचारलंही असतं, तर कोणाला? साहेबाला. जोडून देणारीला नाही.

निलेश हटणाऱ्यातला नाही. त्याचं म्हणणं, मोठ्यांना उघडं पाडायला हेच हत्यार लागतं. त्यानं उदाहरणंही चांगली आणली होती. 2011 साली अमेरिकेत विस्कॉन्सिनचे गव्हर्नर वॉकर यांना एकानं फोन केला, मी डेव्हिड कोक बोलतोय. कोक म्हणजे गडगंज देणगीदार. गव्हर्नर वीसेक मिनिटं मोकळेपणी बोलले. आंदोलकांत गडबड करणारी माणसं घुसवायचा विचार आम्ही केला होता, हेही बोलून गेले. "हे पत्रकार परिषदेत बोलले असते का, संजूभाऊ?"

संजूला इथे अडचण झाली, कारण स्टिंग ऑपरेशन म्हटलं की तो स्वतःच टाळ्या वाजवतो. तो म्हणाला, त्यात फसला तो गव्हर्नर, बोलला तो गव्हर्नर, आणि जे बाहेर आलं ते लोकांच्या कामाचं होतं. तुझ्या म्हशीत लोकांच्या कामाचं काय आहे? निलेश म्हणाला, करमणूक. ती काय कमी कामाची आहे? इथे दगाभाऊनं पुतण्याची बाजू घेतली. "दिवसभर ऊन, कापसाले भाव नही, लाईट नही. जराखं हसनं बी नही का?" याला कोणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

संजूनं मग दुसरीकडून हात घातला. 26/11 च्या हल्ल्याला दोन दिवस झाले होते, मुंबईत ताजमध्ये अजून गोळीबार चालू. पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झरदारी यांना फोन आला, भारताचे परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी बोलताहेत, आणि भाषा धमकीची. नेहमीची पडताळणी झालीच नाही. पाकिस्ताननं हवाई दल सज्ज ठेवलं. मुखर्जींनी फोन केलाच नव्हता. दोन्हीकडे अणुबॉम्ब, आणि मधे एक नकलाकार. "तो टवाळीचा फोन नव्हता," निलेश म्हणाला. बरोबर आहे, नव्हता. पण फोन ठेवल्यावर त्याचं पुढे काय होईल, हे नकलाकाराच्या हातात नसतं एवढं त्यातून दिसतं.

आणि मग राईनपाड्याचा विषय निघाला. तो निघाला की आमच्याकडे आवाज खाली येतो. साक्री तालुका, 1 जुलै 2018. मुलं पळवणारे आलेत या मोबाईलवरच्या अफवेपायी मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना गावात ठेचून मारलं. त्या दिवसांत देशभर जे व्हिडिओ फिरत होते, त्यातला एक होता मोटारसायकलवरून पोर उचलून नेणाऱ्या दोघांचा. तो कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा. मूळ फिल्ममध्ये ते दोघे पोर परत आणून ठेवतात आणि कराचीच्या रस्त्यावरून पोर पळवायला एक क्षण पुरतो अशी पाटी दाखवतात. आपल्याकडे फिरताना शेवट कापून टाकलेला. राईनपाड्यात नेमकं कोणी काय पाहिलं होतं ते सोडा, पण तो कापलेला शेवट मला टोचतो. फोनवरच्या फजितीत शेवटी 'बकरा बनवला' म्हणतात ना, तीच त्यातली सगळी माफी. आणि पुढे ढकलताना पहिल्यांदा कापला जातो तो शेवटच. निलेशच्या रेकॉर्डिंगला तर शेवट नव्हताच.

"सर, तुम्ही कधी केलंच नाही का असलं?" निलेशनं मला विचारलं.

दगाभाऊ माझ्याकडे बघून हसला. "सांग भो आते."

सांगावं लागलं. 1991 साल. मी, दगाभाऊ आणि आमचा एक मित्र, जो एसटीत कंडक्टरच्या ऑर्डरची वाट बघत होता. आमच्या अख्ख्या गल्लीला फोन एकच, किराणा दुकानात. सगळ्यांच्या अर्जावर तोच नंबर, कंसात पीपी, म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप आमचा. दुकानदार निरोप लिहून घ्यायचा आणि हाताखालच्या पोराला घरोघर पिटाळायचा, पैसे घेत नसे. एक एप्रिलला मी बाजारातल्या एसटीडी बूथवरून फोन केला. आवाज जाड केला. विभागीय कार्यालयातून बोलतोय, तुमच्या गल्लीतल्या अमक्याची ऑर्डर निघाली, आठ दिवसांत हजर व्हायला सांगा.

आमचा बेत असा की मित्र पळत आमच्याकडे येईल आणि आम्ही एप्रिल फूल ओरडू. मित्र त्या दिवशी धरणगावला गेला होता. निरोप गेला त्याच्या वडिलांकडे. ते गिरणी बंद पडल्यापासून घरी. आम्ही संध्याकाळी गल्लीत शिरलो तर ते दारोदार पेढे वाटताहेत, धुतलेली टोपी घालून. माझ्याही हातावर त्यांनी एक ठेवला. म्हणाले, "तुझी पण येईल रे." मी तो खाल्ला. पेढे कोणाच्या तरी उधारीवर आणले होते, हे नंतर कळलं.

खरं बाहेर यायला दोन दिवस लागले. आम्ही कबूल झालो नाही. मग खोटा ठरला तो दुकानदार. याच्या कानाला नीट ऐकू येत नाही, यानंच काहीतरी भलतं ऐकलं, असं गल्ली म्हणू लागली. मित्राचे वडील त्याच्याशी बोलेनासे झाले. दुकानदारानं त्यानंतर गल्लीचे निरोप घेणं बंद केलं. फोन होता, गल्ल्याशेजारीच होता, पण पीपी बंद. "खरं-खोटं कोण निस्तरत बसेल," म्हणायचा. आमच्या दोन पोरांच्या हसण्यात चाळीस घरांचा फोन गेला. तो दुकानदार आता नाही. त्याला मी कधीच सांगितलं नाही, आणि त्याच्या मुलाच्या दुकानातून आजही सामान आणतो.

"आनि मित्र?" दगाभाऊ मुद्दाम म्हणाला. मित्राला पुढे खरोखरची ऑर्डर आली. तो आम्हाला हसतो अजून. त्याचं काहीच वाकडं झालं नाही. ज्याचा बकरा करायला गेलो तो सुटला.

अप्पा म्हणाले, "बकरा असाच सुटतो. मधला दोरी खोचणारा अडकतो."

निलेशनं मोबाईल उचलला. बराच वेळ ते रेकॉर्डिंग पुढे-मागे करत बसला. मग म्हणाला, आवाज बदलून टाकतो तिचा, दवाखान्याचं नाव काढतो, मग तर झालं? संजू म्हणाला, तिच्या सोबतच्या नर्सेस तिला बोलण्यावरून ओळखतील. दगाभाऊ म्हणाला, डिलीट मार ना भो, संपलं. निलेशचं म्हणणं, डिलीट केलं तर मेहनत वाया. तिलाच विचारतो सरळ, ती हो म्हणाली तर टाकीन.

"विचार," अप्पा म्हणाले. "पण आत्ता, आमच्यासमोर. आणि नंबर लागल्यावर आधी कोण बोलतोय ते सांगायचं. आमच्या काळी ती पहिली ओळ होती."

त्यानं स्पीकरवर लावला. दोन रिंगमध्ये उचलला गेला. पुरुषाचा आवाज, दमलेला.

"दुपारच्या मॅडम आहेत का?" निलेशनं विचारलं.

"त्यांची ड्युटी आठलाच सुटली. काय काम होतं? दुपारी त्या आमदारांच्या माणसाचा फोन आला होता, त्याबद्दल का? साहेबांनी त्यांना उद्या सकाळी भेटायला बोलावलंय." मग जरा थांबून, "आपण कोण बोलताय?"

निलेशनं आमच्याकडे पाहिलं.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"सांग ना," अप्पा म्हणाले.